महालक्ष्म्यांचा भात: स्वच्छ स्वयंपाकघरातलं जेवून अकरा जण आजारी कसे पडले?

शेगडीवाली (प्रतापनगर) | बुधवार, रात्री १०:४०

धागा काढावा की नाही, यातच तीन दिवस गेले.

यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला आमच्याकडे दोन पंगती झाल्या. दुपारी ४५ पानं, रात्री २६. दुपारच्यांना काहीच झालं नाही. रात्री साडेआठला जेवलेल्यांपैकी ११ जणांना साडेदहा ते एकच्या दरम्यान उलट्या सुरू झाल्या. त्यात एक सहा वर्षांचा पोरगा, आणि एक ७८ वर्षांच्या मावससासूबाई, त्यांना सलाईन लावावं लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे हिंडूफिरू लागले, देवीची कृपा.

आचारी नव्हता, रांधलं मीच. नऊ वर्षांपासून घरून डबे देते, सध्या २४ आहेत. नोंदणी केलेली आहे, चौदा आकडी नंबर ओट्याच्या वर चिकटवला आहे. फडकी रोज उकळते. पोरीलासुद्धा केस बांधल्याशिवाय ओट्याजवळ येऊ देत नाही. दुसऱ्याच्या घरी पाणी पिताना आधी पेल्याचा वास घेणारी बाई आहे मी, हसा पाहिजे तर.

घरात सगळ्यांनी एकमतानं दह्याला धरलं. दूधवाल्याकडचं दही होतं, कढी त्याचीच. सकाळी यांनी त्याला फाटकातच सुनावलं आणि दूध बंद केलं. नणंदेनं पाण्यावर घेतलं, जाऊबाईंनी नजर काढली.

पण रात्री दवाखान्यात डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला होता: "भात किती वाजताचा होता?" मला इतका राग आला! भात सकाळी साडेअकराला झाला होता. तीन किलोचे दोन गंज, म्हणजे मोठी पातेली, लावले होते. एक दुपारी संपला, दुसऱ्यावर झाकण ठेवून वरून जुनी चादर गुंडाळली, गरम राहावा म्हणून. रात्री पाण्याचा हबका मारून चांगली वाफ काढली. पानात वाढला तेव्हा वाफा निघत होत्या. वास नाही, तार नाही, काही नाही. असा भात बाधतो?

---

बर्डीचा_पोट्टा | बुधवार, रात्री ११:०५

भाताले काहून दोष देऊन राहिले डॉक्टर? वाफा निघणारा भात कोणाले बाधला बाप्पा आजपर्यंत! मी वीस वर्षांपासून गाडीवरचे तर्रीपोहे खातो, प्लेटा एकाच बादलीत बुचकळतात, मले काही झालं नाही. ताई, दहीच असन ते.

---

पेट्रीडिश | बुधवार, रात्री ११:३८

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे डॉक्टरांनी भाताचंच का विचारलं असेल याचा अंदाज आहे. पण आधी ताईंनी एक काम करावं. कागद घ्या, रात्रीच्या २६ जणांची नावं लिहा आणि प्रत्येकाला फोन करून काय काय खाल्लं ते विचारा. बरे राहिले त्यांनाही विचारा, ते जास्त महत्त्वाचं आहे. आजारी पडलेल्यांनी दही खाल्लं होतं हे कळून उपयोग नसतो. बाकीच्यांनीही खाल्लं होतं का, ते बघायचं असतं.

---

शेगडीवाली | गुरुवार, सायंकाळी ६:१२

पंचविसांना फोन केले. (सव्विसावे आमचे हे, समोरच बसले होते.) काही फोन जड गेले. विहीणबाई म्हणाल्या, "आता पंचनामा करता का?"

कढी २१ जणांनी घेतली, त्यातले ९ आजारी. पुरणपोळी सगळ्यांनीच खाल्ली. आंबील १४ जणांनी. भात खाल्लेले १७, त्यातले ११ आजारी. भात न घेतलेले ९ जण होते: तिघं शुगरवाले, दोघी उशिरा आल्या म्हणून पोळीवर भागवलं, बाकीच्यांना जागाच नव्हती पोटात. या नवांपैकी एकालाही काही झालं नाही. त्या सहा वर्षांच्या पोरानं तर कढीला हातही लावला नव्हता. पुरणपोळीचा एक घास, बाकी नुसता वरणभात आणि तूप.

कागद समोर ठेवून बसले आहे. दूधवाल्याचं काय तोंडानं सांगू आता?

---

पेट्रीडिश | गुरुवार, रात्री ८:५०

शाब्बास ताई. साथीचा शोध घेणारे हेच करतात, फक्त त्याला मोठं नाव देतात.

आता भाताचं. बॅसिलस सेरेअस नावाचा जंतू आहे, मातीतला. तांदूळ शेतातून येतो, त्यामुळे कच्च्या तांदळात तो थोडाफार असतोच, तुमचं घर कितीही स्वच्छ असो. भात शिजवल्यावर जंतू मरतो, पण त्याचे बीजाणू मरत नाहीत. बीजाणू म्हणजे कवचात झोपलेलं बी समजा. भात कोमट झाला की ते बी उगवतं. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीचा टापू, आणि त्यातही ३०-४० म्हणजे तर त्यांची दिवाळी.

तुम्ही काय केलं? मोठा गंज, झाकण, वर चादर. म्हणजे भाताला गरम नाही, कोमट ठेवलं. तेही नऊ तास. मधल्या भागाला तर थंड व्हायला वावच नाही.

राहिली वाफ. हा जंतू भातात एक विष सोडतो, त्याला सेरेयुलाइड म्हणतात. ते १२१ अंशाला दीड तास तापवलं तरी टिकतं. तुमचा कुकर साधारण १२० पर्यंत जातो. म्हणजे वाफेनं जंतू मेले असतील, विष तसंच राहिलं. त्याला वास नाही, चव नाही. उलट्याही खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत सुरू होतात आणि बहुतेक जण दिवसभरात बरे होतात. तुमच्या पाहुण्यांचं वेळापत्रक त्यात बसतं.

भात तपासलेला नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगणार नाही. पण पैज लावायची झाली तर भातावर लावीन.

---

बर्डीचा_पोट्टा | गुरुवार, रात्री ९:०२

म्हणजे गरम केलं की सगळं मरते, हे आमच्या मायनं शिकवलेलं खोटं?

---

पेट्रीडिश | गुरुवार, रात्री ९:१५

अर्धं खरं. जंतू मरतात. त्यांनी आधीच करून ठेवलेला उद्योग प्रत्येक वेळी निस्तरत नाही.

---

पुण्यात_अडकलेला | गुरुवार, रात्री ९:४७

हे काही पटत नाही बुवा. आमची आजी नागपूरच्या महाल भागात राहायची, रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी, आयुष्यभर. हळद, मोहरी, फल्लीदाणे, वरून बचकभर सांबार. ९१ वर्षं जगली. आमच्या पिढीनं फोडणीचा भात खाल्ला नाही तर नाश्त्याला काय खाल्लं? आता तोही धोकादायक झाला का?

(पुणेकर वाचकांसाठी: नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. दरवेळी सांगावं लागतं.)

---

पेट्रीडिश | गुरुवार, रात्री १०:२०

आजीचा भात किती उरायचा? दोन वाट्या. तो सपाट ताटलीत, जाळीखाली, खिडकीशी. तासाभरात गार. माणसं चार, भात थोडा, सकाळी सातला फोडणी. त्यात आणि तीन किलोच्या गंजात फार फरक आहे. थोडा पदार्थ लवकर निवतो, ढीग निवत नाही.

शिवाय आजींच्या काळी कोणाचं पोट बिघडलं तर "बाधलं" म्हणून ओवा देत आणि विषय संपायचा. २६ जणांना फोन कोण करत होतं?

फोडणीचा भात मीही खाते. उरलेला भात जेवणं आटोपल्याबरोबर पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळी संपवायचा. ओट्यावर रात्रभर राहिलेला असेल तर टाकते, जीव तुटतो पण टाकते.

---

धानपट्टा | गुरुवार, रात्री १०:४४

आम्ही भंडाऱ्याकडचे, भातखाऊ माणसं. आमच्याकडे रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायचे आन् सकाळी कांदा-मिरचीसंगं खायचे. त्याचं काय?

---

पेट्रीडिश | गुरुवार, रात्री ११:०१

पाण्यात भात निवतो लवकर आणि रात्रीतून आंबतो. आंबटपणात या जंतूची वाढ मंदावते, म्हणून रीत टिकली असावी. पण नीट आंबण्याआधीचे काही तास राहतातच, त्यामुळे मी हमी देणार नाही. आंबिलीला यात गोवू नका, ती देवीची आहे आणि ताजीच करतात.

---

रस्सावाला | शुक्रवार, सकाळी ७:३०

गोळीबार चौकाच्या बाजूले आमचं सावजी भोजनालय आहे, तिसरी पिढी. नाव नाही सांगत, जाहिरात वाटन.

ताई, तुमचं वाचून झोप नाही आली, कारण आमच्याकडेबी हेच होतं. वडलांच्या टाइमले रात्रीचा उरलेला मटणाचा रस्सा तसाच गंजात राहायचा आन् सकाळच्या रश्श्यात पडायचा. म्हणायचे, मुरलेला रस्सा आहे, चव येते. तेलाचा तवंग वर असते तर आत हवा जात नाही, खराब होत नाही, असा समज.

आता पेट्रीडिश मॅडमले विचारतो, रश्श्यालेबी असंच विष असते का?

---

पेट्रीडिश | शुक्रवार, दुपारी १:१०

दादा, तुमचा पाहुणा वेगळा. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. याला हवा नकोच असते, म्हणजे वरचा तवंग त्याच्यासाठी पांघरूणच. मोठ्या भांड्यातला मांसाचा रस्सा सावकाश निवत राहिला की हा वाढतो. त्याचं विष मात्र भातासारखं आधीच तयार नसतं. जिवंत जंतू मोठ्या संख्येनं पोटात गेले की ते आतड्यात विष करतात. खाल्ल्यापासून ६ ते २४ तासांनी पोटात कळा आणि जुलाब. त्यामुळे रस्सा खळखळून, तळापर्यंत, ढवळत उकळला तर तुम्ही बरेचसे वाचता. नुसता कोमट करून वाढला तर नाही.

याचा अर्थ रात्रभर बाहेर ठेवा असा काढू नका.

---

निवृत्त_नमुनेवाला | शुक्रवार, दुपारी ३:२५

अन्न सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी झाली, आता नातवाला शाळेत सोडतो. तीन-चार गोष्टी सांगतो, उपदेश वाटला तर पुढे सरका.

पहिली. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली २०११ मध्ये जे नियम आले, त्यातलं शेड्यूल ४ म्हणजे स्वयंपाकघराची स्वच्छता. लोक त्यातल्या टाइल्स, टोप्या आणि जाळ्या वाचतात. तापमानाचा भाग कोणी वाचत नाही. शिजवलेलं ठेवायचं असेल तर ६० अंशावरून २१ वर दोन तासांत आलं पाहिजे आणि तिथून लवकरात लवकर ५ वर. परत गरम करताना आतपर्यंत ७५. माझ्या नोकरीत टोपी घातलेले आचारी शेकडो पाहिले, थर्मामीटर खिशात असलेले दोन.

दुसरी. बाहेर ठेवलेल्या अन्नाला दोन तासांची मुदत सांगतात, पण हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आता नागपूरकरांनी मला सांगावं, मार्च ते जून आपल्या स्वयंपाकघरात ३२ च्या खाली पारा कधी असतो? मे महिन्यात बाहेर ४५, आत गॅस चालू. कूलर बैठकीत असतो, ओट्यापाशी नाही. त्या दिवसांत "खोलीच्या तापमानाला निवू द्या" या वाक्याला आपल्याकडे अर्थच नाही.

तिसरी, ताईंसाठी. उरलेला भात ठेवला होता का?

---

शेगडीवाली | शुक्रवार, दुपारी ४:०२

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाईला घातला, काका. आणि गंज घासून टाकला, दोनदा. स्वच्छतेची हौस.

---

निवृत्त_नमुनेवाला | शुक्रवार, दुपारी ४:३०

अंदाज होताच. दहापैकी नऊ वेळा आम्ही पोचेपर्यंत भांडी लख्ख झालेली असायची. एका लग्नात तर आमच्यासमोर हौद धुवून काढला, कौतुकानं. खाण्यातून त्रास झाला की पहिलं काम, उरलेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि कळवायचं. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा (एफडीए) टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. मोठ्या पंगतीचा स्वयंपाक असेल तर माझा सल्ला, प्रत्येक पदार्थाची एक वाटी वेगळ्या डब्यात, वेळ लिहून, दोन दिवस फ्रिजमध्ये. नसेल लागली तर टाका. लागली तर एखादा दूधवाला वाचतो.

---

कामठीरोडची_सून | शुक्रवार, रात्री ९:१८

शेवटचं वाक्य लागलं.

मला वेगळंच विचारायचं आहे. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींच्या बोटाला चीर पडली होती, पट्टी लावून पुरण वाटलं त्यांनी. मी काही बोलले नाही, वाईट वाटेल म्हणून. चालतं का?

---

पेट्रीडिश | शुक्रवार, रात्री १०:०५

नाही चालत. जखमेत आणि नाकात स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू असू शकतो. त्याचंही विष उष्णतेला दाद देत नाही, उलट्याही अशाच लवकर होतात, एक ते सहा तासांत. (ताई, तुमच्याकडे हाही असू शकला असता, म्हणूनच मी पैज म्हटलं, निकाल नाही.) पुरण, खवा, पेढे, खीर, जिथे शिजवल्यावर पुन्हा हात लागतो ते पदार्थ त्याच्या आवडीचे. मावशींना त्या दिवशी भाजी धुवायचंसुद्धा नको, झाडपूस सांगा आणि पैसे पूर्ण द्या. पैसे कापले जातील या भीतीनंच बाया जखम लपवतात.

---

रस्सावाला | शुक्रवार, रात्री १०:४०

हे एकदम खरं. पोट्ट्यांची रोजी कापायचो तोवर कोणी सांगायचंच नाही. आता जुलाब लागले का फुकट सुट्टी, पगारी. महिन्याले एखादी जाते, परवडते.

हातमोज्यांचं सांगतो. आमच्या इथं एक जण मोजे घालून पैसे घेते, त्याच मोज्यानं कांदा वाढते. मोज्याले वाटते का आपण स्वच्छ आहो. उघडा हात असला तर माणूस धुते तरी.

---

संत्रीसाल | शनिवार, सकाळी ११:२०

धागा घरगुती पंगतीचा आहे पण बाहेरचं राहून गेलं. आलूबोंड्याच्या कढईतलं काळं तेल, पेपरात गुंडाळलेले पोहे, रसवंतीचा बर्फ. यावर कोणी बोलणार आहे का, की सगळा दोष बायकांच्या भातालाच?

---

निवृत्त_नमुनेवाला | शनिवार, दुपारी १२:१५

बोलू की. तेलाला मर्यादा आहे: तळून तळून तेलात जी ध्रुवीय संयुगं तयार होतात ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, १ जुलै २०१८ पासून. मोजायला हातात धरायचं यंत्र मिळतं. यंत्र नसेल तर फेस, धूर आणि चिकटपणा बघा. वापरलेलं तेल बायोडिझेलला जातं, गोळा करणारे येतात, पैसेही देतात. तरी लोक ते गाडीवाल्याला स्वस्तात विकतात, हे दुखणं आहे.

छापील वर्तमानपत्र खाण्याला लावायला बंदी आहे, शाईसाठी. आणि खाण्याचा नसलेला बर्फ निळा करायचा, असा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्येच आला. निळा दिसला तर पिऊ नका. पांढरा दिसला तरी गाडीवर पोत्यात गुंडाळलेला असेल तर माझ्या ग्लासात नको, एवढंच म्हणेन.

---

पेट्रीडिश | शनिवार, दुपारी १:४०

आणि तर्रीपोह्यांच्या बाजूनं एक शब्द. खळखळणारी तर्री ही त्या गाडीवरची सगळ्यात सुरक्षित वस्तू आहे. मला भीती कच्च्या कांद्याची, चिरून ठेवलेल्या सांबाराची आणि बर्डीच्या पोट्ट्यानं सांगितलेल्या त्या बादलीची. मी तर्री जास्त मागते, कांदा नको म्हणते, आणि डिस्पोजेबल प्लेट नसेल तर पुढच्या गाडीवर जाते.

घरी सांबार, कोबी, सलाड धुवायचं तर: साधं, सुगंध नसलेलं चार टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, लिटरभर पाण्यात एक मिली. पाच मिनिटं ठेवून मग पिण्याच्या पाण्यानं धुवा. फिनेलसारखा वास येणारं काही वापरू नका.

---

बर्डीचा_पोट्टा | शनिवार, दुपारी २:०५

कांदा नसला तर त्याले तर्रीपोहे म्हणतच नाहीत मॅडम. पण बादलीचं पटलं. आज पाह्यलं नीट. पाणी नाही ते, कालची तर्रीच आहे.

---

गप्पच_असतो | शनिवार, रात्री ८:१०

कडू वाटेल, पण विचारतो. माझा मुलगा बाहेरगावी डबा खातो, म्हणून. ज्यांच्या हातून ११ माणसं आजारी पडली त्यांनी दुसऱ्या दिवशी २४ डबे दिले का?

---

शेगडीवाली | रविवार, सकाळी १०:३०

विचारणं रास्त आहे. पहिले दोन दिवस बंद ठेवले, घरात आजारपण आहे म्हणून सांगून. खरं कारण सांगितलं नव्हतं. परवा सांगितलं, सगळ्यांना, ग्रुपवर. दोघांनी डबा सोडला. त्यांच्या जागी मीही सोडला असता.

मग स्वयंपाकाचा थर्मामीटर आणला, सुईवाला, सीताबर्डीतून. आणि जे दिसलं त्यानं माझी झोप उडाली. डबा भरताना भात ७८ अंश. अकरा वीसला मुलगा स्कूटीवर घेऊन जातो. एका विद्यार्थ्याला सांगितलं, उघडशील तेव्हा सुई खुपस आणि मला आकडा पाठव. तो उघडतो पावणेदोनला. ४४. म्हणजे नऊ वर्षं मी रोज २४ छोटे गंज चादरीत गुंडाळून शहरभर पाठवत होते. त्यांचे नऊ तास होत नव्हते, अडीचच होत होते, म्हणून निभावलं असावं. एप्रिल-मेमध्ये कोणाकोणाचं पोट बिघडलं असेल आणि त्यांनी पाणीपुरीला दोष दिला असेल, देव जाणे.

आता भात शेवटी लावते, अकराला नाही, बाराला. दोन कुकर, वेगवेगळे. डबे साडेबाराला निघतात, आतून फॉइल असलेल्या पिशवीतून. झाकणावर मार्करनं भरल्याची वेळ लिहिते. पोरं हसतात, "काकू, एक्सपायरी डेट का?" हो म्हटलं, दोन तास. रात्रीच्या डब्यात भात गेला तर संध्याकाळचाच ताजा. उरला तर परातीत दोन बोटं जाडीचा पसरून, परात बर्फाच्या पाण्यात, मग फ्रिज. काका, २१ अंशांवर यायला ४० मिनिटं लागली. गंजात तेवढाच भात ठेवून पाहिला, मुद्दाम: तीन तासांनी मधोमध ५२.

---

निवृत्त_नमुनेवाला | रविवार, सकाळी ११:०५

हा शेवटचा प्रयोग मी पंधरा वर्षं प्रशिक्षणात तोंडानं सांगत होतो. एकानंही करून पाहिला नाही. २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित माणूस हवा असा दंडक आहे, माणूस प्रमाणपत्र भिंतीवर लावतो आणि मोकळा होतो.

---

गप्पच_असतो | रविवार, सकाळी ११:३०

ताई, माफ करा. आणि प्रतापनगरच्या बाजूला एखादा डबा वाढवता येईल का? भाचा येतो आहे शिकायला.

---

कामठीरोडची_सून | रविवार, दुपारी १२:५०

एक राहिलं. रात्री-अपरात्री असं झालं तर दवाखान्यात जाईपर्यंत काय करायचं?

---

पेट्रीडिश | रविवार, दुपारी १:२०

ओआरएसची पुडी घरात ठेवाच. नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबून घोट घोट. उलटी थांबवायच्या गोळ्या आपल्या मनानं नको. लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई, लघवी कमी होणं, जुलाबात रक्त, ताप, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, यातलं काहीही असलं तर घोट घोट करत बसू नका, न्या.

---

पुण्यात_अडकलेला | रविवार, दुपारी ३:००

आजीचा मुद्दा मी मागे घेत नाही, पण काल रात्रीचा भात फ्रिजमध्ये ठेवला. बायकोनं तीनदा विचारलं, बरं वाटतं नं?

ताई, त्या ११ जणांना सांगितलं का मग?

---

शेगडीवाली | सोमवार, रात्री ९:५५

सांगितलं. बाकीच्यांना फोनवर, मावससासूबाईंना घरी जाऊन. त्या म्हणाल्या, "अगं, मला वाटलं माझं वय झालं." विहीणबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की त्यांच्याकडे पण महालक्ष्म्यांना चादरच गुंडाळतात, त्यांच्या सासूबाईंनी शिकवलेलं. थर्मामीटर कुठल्या दुकानातून घेतला ते विचारलं.

आज सकाळी दूधवाल्याला हे स्वतः जाऊन घेऊन आले. फाटकातच बोलावलं होतं सुनवायला, म्हणून म्हटलं आत बोलवा, बसवा. चहा दिला. त्यानं विचारलं, "मग काय निघालं ताई?"

मी म्हटलं, भात.

तो म्हणाला, "आमच्याकडेबी दही लावाले हेच करतो आम्ही. कोमट दूध, झाकण, वरून पांघरूण."